कुंडीतले झाड आणि त्याचे तीन साक्षीदार

एखाद्या गुणी माणसाच्या वाढीला घरच्यांनी किंवा वरिष्ठांनी खीळ घातली की हल्ली आपण म्हणतो, 'त्याचे बोन्साय केले.' कवितेत, कथेत, भाषणांत आणि परीक्षणांत ही उपमा इतक्या वेळा येऊन गेली आहे की तिचा छाप पार पुसला आहे. झिजलेल्या नाण्यासारखी ती हातोहात फिरते. ती वापरणाऱ्यांपैकी किती जणांनी एखादे जुने, नीट वाढवलेले बोन्साय समोर बसून पाहिले असेल, याची मला शंका आहे. उपमान न पाहता उपमा देण्याची मुभा साहित्यात पूर्वापार आहे, हे खरे. चांदणे पिणारा चकोर तरी कोणी पाहिला आहे? पण त्यामुळे चकोराचे काही बिघडत नाही. येथे एका कलेवर फिर्याद गुदरली गेली आहे, आणि आरोपीला कोर्टात बोलावलेलेच नाही.

फिर्याद सर्वांना ठाऊक आहे. जो जीव उंच होण्यासाठी जन्मला त्याला उथळ भांड्यात कोंडायचे, त्याची मुळे कापायची, अंगाभोवती तारा आवळायच्या आणि त्या खुरटेपणाला सौंदर्य म्हणायचे. ही कसली कला, हे तर क्रौर्य. मी ही फिर्याद हसण्यावारी नेत नाही. ती नवीही नाही. ज्या देशांत ही कला वाढली त्याच देशांतल्या चांगल्या लेखकांनी ती फार पूर्वी मांडून ठेवली आहे. तेव्हा आपली उपमा थोडी बाजूला ठेवावी आणि त्यांच्या साक्षी आधी ऐकाव्यात, असा या लेखाचा बेत आहे.

पहिली साक्ष योशिदा केंको या जपानी संन्याशाची. 'त्सुरेझुरेगुसा' हा त्याचा २४३ स्फुटांचा संग्रह १३३० च्या सुमाराचा. त्यातले १५४ वे स्फुट हिनो सुकेतोमो या क्योटोच्या दरबारी सरदाराविषयी आहे. हा सुकेतोमो एकदा पाऊस आला म्हणून तोजी मंदिराच्या दरवाजाखाली आडोशाला उभा राहिला. तेथे भिकारी गोळा झाले होते. कोणाचे हात पिळवटलेले, कोणाचे पाय उलटे वळलेले. सुकेतोमोला प्रथम मोठी मौज वाटली. प्रत्येकाची तऱ्हा निराळी, प्रत्येकजण पाहण्याजोगा! तो पाहत राहिला. थोड्या वेळाने मौज ओसरली आणि मग त्याला किळस आली. साधे, सरळ, नेहमीचे असते तेच बरे, असे त्याच्या मनाने घेतले. घरी आल्यावर त्याला दिसले, की आपण हौसेने जमवलेल्या कुंड्यांतल्या वाकड्यातिकड्या झाडांत आपण हीच मौज शोधत होतो. त्याने सगळी झाडे उपटून टाकली. केंको एका वाक्यात त्याला मान डोलावतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो.

हे स्फुट करुणेचा दाखला म्हणून वाचले जाते. मला ते तसे वाटत नाही. सुकेतोमोला भिकाऱ्यांची दया आली, असे केंको कोठेही म्हणत नाही. त्याला आला तो कंटाळा. भिकाऱ्यांना त्याने काय दिले, पावसानंतर ते कोठे गेले, याची वार्ता स्फुटात नाही. आणि झाडांचा काय अपराध होता, याचीही नाही. विचित्रपणाची चटक लागलेल्या माणसाला विचित्रपणाचा वीट यायचाच. त्याचा दोष माणसाच्या नजरेत असतो आणि शिक्षा मात्र झाडाला होते. सुकेतोमो उथळ होता असे मी म्हणत नाही. कामाकुराच्या होजो सत्तेविरुद्ध सम्राटाच्या बाजूने कट केला म्हणून तो सादो बेटावर हद्दपार झाला आणि १३३२ साली तेथेच त्याचा शिरच्छेद झाला. धैर्याचा माणूस. पण धैर्य असले म्हणजे झाड पाहता येतेच असे नाही.

दुसरी साक्ष चीनमधली, आणि ती अधिक वजनाची आहे. गोंग झिझेन या कवी-पंडिताने १८३९ साली एक छोटा निबंध लिहिला: आजारी प्लम वृक्षांच्या घराविषयीचा. तो म्हणतो, प्लमचे झाड वाकडे असेल तर सुंदर, सरळ असेल तर त्यात काही राम नाही. विरळ असेल तर सुंदर, दाट असेल तर गबाळे, अशी रसिक पंडितांची आणि चित्रकारांची आवड आहे. हे उघड बोलण्याची त्यांना सोय नाही, म्हणून कोणीतरी ती आवड माळ्यांच्या कानात सांगतो. मग माळी सरळ खोड छाटतात, दाट फांद्या काढतात, कोवळे कोंब मारतात. कारण त्यांना चांगली किंमत हवी असते. गोंगने तीनशे कुंड्या विकत घेतल्या. त्यांत एकही झाड धड नव्हते. तो तीन दिवस रडला. मग त्याने कुंड्या फोडल्या, झाडे जमिनीत लावली, दोऱ्या सोडल्या आणि पाच वर्षांत त्यांना बरे करीन अशी शपथ घेतली.

आपली 'बोन्साय करणे' ही उपमा चीनमध्ये अशी आपल्या पुष्कळ आधी आणि पुष्कळ चांगल्या रीतीने वापरली गेली. निबंधातली झाडे ही छिंग राजवटीत परीक्षांच्या आणि नोकरशाहीच्या साच्यात वाकवलेली माणसे आहेत, हे कोणत्याही वाचकाला कळते. पण मला त्यात अधिक धारदार वाटते ती एक गोष्ट: गोंगचा राग माळ्यावर नाही. माळी पोटासाठी करतो. राग आहे तो रसिकांवर, म्हणजे साध्या भाषेत समीक्षकांवर. कानात सांगितलेल्या आवडीनिवडींतून झाडे आजारी पडतात. कोणत्याही काळातल्या समीक्षकाने हे वाक्य आपल्या टेबलासमोर टांगून ठेवावे. मी ठेवलेले नाही, कारण मला त्याची भीती वाटते.

आणि तरीही या साक्षीत एक जागा पोकळ आहे. गोंग झिझेन १८४१ साली वारला. शपथ पाच वर्षांची, आयुष्य उरले होते दोन. निबंधाच्या शेवटी तो स्वतःच म्हणतो, की आपल्याला मोकळे दिवस आणि मोकळी जमीन भरपूर मिळाली असती तर काय बरे झाले असते. कुंडी फोडायला एक दुपार पुरते. कुंडीत वाढलेले झाड जमिनीत रुजवायला वर्षे लागतात, रोज पाणी लागते, कोणाचा तरी हात लागतो. त्या तीनशे झाडांना शेवटी कोणी पाणी घातले? निबंधाला हा प्रश्न पडत नाही, कारण निबंधाला माणसांविषयी बोलायचे आहे. झाडे हे निमित्त आहे. गोंगचे अश्रू खरे आहेत, पण ते झाडांसाठी नाहीत.

तिसरा साक्षीदार यापेक्षा निराळा, कारण तो या कलेच्या बाजूनेही बोलत नाही आणि विरुद्धही नाही. 'हाचि नो कि' हे जपानी नोह रंगभूमीवरचे प्रसिद्ध नाटक. नावाचा अर्थ इतकाच, 'कुंडीतली झाडे'. बर्फ पडते आहे. सानो या गावी एक फिरस्ता भिक्षू एका झोपडीशी येऊन रात्रीचा आसरा मागतो. झोपडीचा मालक सानो गेन्झाएमोन त्सुनेयो हा एके काळचा जमीनदार. नातलगांनी जमीन बळकावली आणि तो दरिद्री झाला. घर आसरा देण्याच्या लायकीचे नाही म्हणून तो आधी नकार देतो, मग बायकोच्या सांगण्यावरून बर्फात धावत जाऊन पाहुण्याला परत आणतो. जेवायला जाडेभरडे धान्य. रात्र वाढते, गारठा वाढतो, जळण संपते. चांगल्या दिवसांत त्सुनेयोला कुंडीतल्या झाडांचा नाद होता. वाईट दिवस आले तेव्हा त्याने बहुतेक देऊन टाकली, तीनच ठेवली. एक प्लम, एक चेरी, एक पाइन. ती तो पाहुण्यासाठी जाळतो.

भिक्षू नको म्हणतो. त्सुनेयो ऐकत नाही. एकेका झाडासमोर तो थबकतो. थंडीत सर्वांच्या आधी फुलणारा प्लम आधी तोडावा लागतो, मग उशिरा फुलते म्हणून ज्याची काळजी अधिक घेतली ते चेरीचे झाड, मग पाइन. नोह रंगभूमीवर हालचाल किती तोलून मापून असते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना कळेल, की येथे कुऱ्हाड उचलणे हीच घटना आहे. पुढे गोष्ट गोड होते. तो भिक्षू म्हणजे होजो तोकियोरी, कामाकुराचा निवृत्त कारभारी. तो सैन्य बोलावतो, त्सुनेयो गंजके चिलखत घालून मरतुकड्या घोड्यावर हजर होतो, आणि त्याला जमीन परत मिळते. वर तीन झाडांच्या बदली उमेदा, साकुराइ आणि मात्सुइदा अशी तीन गावे मिळतात, ज्यांच्या नावांत प्लम, चेरी आणि पाइन आहेत. बक्षिसाचा हा हिशेब मला नेहमी थोडा दुकानदारी वाटत आला आहे. माझ्यापुरते नाटक शेकोटीपाशी संपते.

आता या तिघांना शेजारी उभे करून पाहा. तिघांच्याही हातून झाडे कुंडीबाहेर गेली: एकाने फेकली, एकाने मोकळी केली, एकाने जाळली. क्रौर्य मोजायचे तर जाळणारा सर्वांत क्रूर ठरायला हवा. पण प्रेक्षक रडतो तो त्याच्यासाठी आणि त्या झाडांसाठी. कारण उघड आहे. तिघांपैकी त्सुनेयो एकटाच असा, ज्याला प्रत्येक झाडाचे मागले वर्ष आठवते. सुकेतोमोने झाडांचे वाकडेपण पाहिले, गोंगने त्यांचे रूपक पाहिले. त्सुनेयोने त्यांना पाणी घातले होते.

मला या कलेविषयी जे म्हणायचे आहे ते येथून सुरू होते. बोन्सायची कलाकृती आकारात शोधली तर ती सापडत नाही. ती सांभाळण्यात आहे. आकार हा सांभाळण्याचा दिसणारा भाग. नावच पाहा. 'बोन' म्हणजे उथळ तबक, 'साय' म्हणजे लावणे. तबकात लावलेले, एवढेच. नावात लहानपणाचा उल्लेखसुद्धा नाही. तो आपण घातला, 'वामनवृक्ष' म्हणून. (नाव ठेवणाऱ्याला वामनाची पुढची कथा आठवली नसावी, तीन पावलांत त्रैलोक्य मापणारा तो बटू खुरटेपणाचे प्रतीक कसा होईल?) आपण उंची मोजतो, तेथील जाणकार वय मोजतात.

आणि वय हे उपासमारीने येत नाही. लोकांची समजूत अशी, की झाडाला कमी माती, कमी पाणी देऊन छळले की ते लहान राहते. उपाशी झाड बोन्साय होत नाही, मरते. या झाडांच्या बियांत ठेंगणेपणा नसतो. जमिनीत लावली तर तीच झाडे नेहमीसारखी वाढतील. काही वर्षांनी झाड तबकातून काढतात, जुन्या मुळांचा काही भाग छाटतात, म्हणजे टोकांशी नवी बारीक मुळे फुटतात. ताजी माती देतात, खत देतात. वर शेंडे खुडतात. खाली जेवढे घेतले त्या मानाने वर घ्यायचे, हा तोल. तार बांधतात ती फांदीला दिशा देण्यापुरती. लाकूड त्या वळणावर धरले की ती काढायची असते. पाणी घालायला शिकण्यातच तीन वर्षे जातात, असे जपानी माळी म्हणतात. उन्हाळ्यात उथळ तबकातली माती एका दिवसात सुकते. दोन दिवसांचा निष्काळजीपणा शंभर वर्षांचे काम संपवू शकतो. कोंडलेला कैदी कोण, असा प्रश्न विचारायचाच असेल तर दोघांनाही विचारावा. बोन्साय असलेला माणूस गावाला जाऊ शकत नाही.

मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) पासून संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांची भाषा आपल्या समीक्षेत रुळली. ही तत्त्वे चांगल्या बोन्सायला चटकन लागू पडतात. जमिनीवर पसरलेल्या मुळांची पकड आणि खोडाची निमुळती होत जाणारी रेषा यांत संवाद. जुनिपरच्या मेलेल्या, पांढऱ्या पडलेल्या लाकडाशेजारून जिवंत सालीची एक पट्टी वर चढते आणि तिच्यावर हिरवा झुबका उभा असतो, हा विरोध. तिरक्या झाडाला उलट बाजूने ओढून धरणारे मूळ हा समतोल. पान लहान करता येते, पण फूल आणि फळ फारसे लहान होत नाही. म्हणून डाळिंबाच्या वीतभर झाडावर नेहमीच्या मापाचे फूल आले की साऱ्या प्रमाणाचा डोलारा हलतो. हा दोष की सौंदर्य, यावर वाद घालता येईल. मला तो झाडाने मारलेला शेरा वाटतो.

पण एका ठिकाणी ही भाषा अपुरी पडते. कलाकृती कोठेतरी पुरी होते, असे ती गृहीत धरते. कविता बीजातून रुजते, तिची वाढ सेंद्रिय असते, असे आपण मोठ्या कौतुकाने लिहितो. येथे कलाकृती खरोखरच सेंद्रिय आहे, आणि मग पंचाईत काय होते ती पाहावी. ती उद्या सकाळी आणखी वाढलेली असते. तिला शेवटचा हात नाही. कर्ता मरतो आणि कृती चालू राहते, दुसऱ्याच्या हाताखाली. अशा कृतीवर कोणा एकाची सही कशी करणार?

या कसोटीवर वाईट बोन्साय कोणते ते ओळखणे अवघड नाही. आपल्याकडच्या रोपवाटिकांत इंग्रजी 'एस' अक्षरासारखी वळवलेली फायकसची झाडे ओळीने मांडलेली असतात, सर्व एका मापाची. ती सुकेतोमोची झाडे आहेत; आणणारा त्यांना सुकेतोमोसारखाच तीन महिन्यांत विटतो. नामांकित माणसांतही मतभेद आहेत. मासाहिको किमुरा यांनी यंत्राची हत्यारे वापरून जुन्या जुनिपरांचे मेलेले लाकूड असे कोरले, की जगभरच्या शौकिनांचे डोळे दिपले. आणि जुन्या वळणाचे लोक नाराज झाले. त्यांच्या झाडांची छायाचित्रे पाहताना माझा श्वास थांबतो, हे मी कबूल करतो. पण श्वास थांबवणाऱ्या गोष्टीजवळ रोज राहवत नाही. तेथे हात फार दिसतो, वर्षे कमी दिसतात.

आपल्या वडांविषयी मात्र मला अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्याकडे वड, पिंपळ, उंबर यांना जुन्या वाड्याच्या भिंतीतली एक फटसुद्धा पुरते. कुंडीत राहायला यांच्याइतकी तयार झाडे कोठे मिळणार? पण प्रदर्शनांतून दिसणारे कितीतरी वड जपानी पाइनच्या साच्यात बसवलेले असतात: एक शेंडा, डावी-उजवीकडे थरांसारख्या सपाट फांद्या. वड असा कोठे असतो? तो रुंद होतो, त्याला शेंडा नसतोच, पावसाळी दमट हवेत तो पारंब्या सोडतो आणि पारंबी मातीला लागली की तिचे खोड होते. पाइनच्या नियमांत पारंबीला जागा नाही, म्हणून ती कापायची! हे मात्र गोंगने सांगितलेले आजारपण आहे. कानात सांगितलेली परदेशी आवड.

आणि चांगले बोन्साय कोणते? एकच उदाहरण देतो. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानातल्या बोन्साय संग्रहालयात एक जपानी पांढरा पाइन आहे, रुंद छत्रीसारखा, बुंधा जाड. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली तेव्हा, १९७६ साली, जपानने त्रेपन्न बोन्साय भेट दिले, त्यांतला हा. मासारु यामाकी नावाच्या उत्पादकाने तो दिला होता. देताना झाडाची मोठी हकीकत काही सांगितली नव्हती. पंचवीस वर्षे तेथल्या माळ्यांनी त्याला इतर झाडांसारखेच पाणी घातले. २००१ साली यामाकींचे दोन नातू आजोबांचे झाड पाहायला आले, आणि तेव्हा कळले की हे झाड १६२५ पासून कुंडीत वाढवले जात होते, आणि ६ ऑगस्ट १९४५ रोजी ते हिरोशिमात होते. यामाकींची रोपवाटिका स्फोटाच्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटरवर. बागेची उंच भिंत आड आली. घराच्या काचा फुटल्या, माणसांना किरकोळ जखमा झाल्या, झाड राहिले.

ज्या देशाने बाँब टाकला त्या देशाला ते झाड देताना आजोबा त्याविषयी बोलले नाहीत. यावर अलंकारिक लिहिण्याचा मोह मोठा आहे. मी इतकेच नोंदवतो, की १९४५ च्या ऑगस्टातही त्या झाडाला कोणीतरी पाणी घातले असले पाहिजे. उथळ तबकातले झाड ऑगस्टच्या उन्हात पाण्यावाचून टिकत नाही. शहराची ती अवस्था असताना घरातले कोणी झारी घेऊन बाहेर गेले असेल. नोह नाटकातल्या त्सुनेयोच्या अगदी उलट कृती, आणि तरी त्याच जातीची.

माझ्या गॅलरीत एक वड आहे. अकरा वर्षांचा, म्हणजे या शास्त्रात अजून बाळ. तिसऱ्या वर्षी जूनमध्ये त्याच्या डाव्या फांदीला मी तार बांधली आणि कामाच्या गडबडीत ती काढायला विसरलो. पावसाळ्यात वड किती झपाट्याने जाड होतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. गणपतीच्या सुमारास पाहिले तेव्हा तार सालीत रुतली होती. तुकड्यातुकड्यांनी कापून काढावी लागली. फांदीवर पिळाचा व्रण राहिला. घरी येणाऱ्या जाणकारांना तो आधी दिसतो. एकाने ती फांदीच काढून टाकायला सांगितले, रेषा स्वच्छ होईल म्हणाला. त्याचे म्हणणे कलादृष्ट्या बरोबर होते. मी फांदी ठेवली आहे. गेल्या वर्षी तिच्यावरून, बरोबर व्रणाच्या खालून, एक पारंबी सुटली. ती अजून मातीपासून चार बोटे वर आहे.